शेतात जुना कंटेनर ठेवावा का? (पारोळा, काळी जमीन, आणि वडिलांचा विरोध)

बोरीकाठ · २६ एप्रिल

मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पारोळ्याजवळ आमचं साडेसात एकर वावर आहे. मी नोकरीला नाशकात, शेती वडील आणि एक सालदार बघतात. गेल्या जूनच्या पहिल्याच वादळात शेडचे पत्रे उडाले. त्यातला एक शेजारच्याच्या बांधावरच्या कडुलिंबात जाऊन अडकला तो अजून तिथंच आहे, शेजारी म्हणतो राहू दे, सावली पडते. त्याआधी विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेलेली. आणि ड्रिपच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या त्या खारींनी अन् उंदरांनी अशा कुरतडल्या की पसरल्यावर हाता-हातावर कारंजं.

तर आता डोक्यात आलंय की परत पत्रे ठोकत बसण्यापेक्षा २० फुटी जुना कंटेनरच आणून ठेवावा. अर्ध्यात नळ्या, पंप, स्टार्टर, खत-बियाणं. अर्ध्यात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, वाइस टाकून छोटं वर्कशॉप. मला हौस आहे, आणि गावात वखर-पांभर दुरुस्त करणारा लोहार आता उरला नाही, पास (वखराचं पातं) शेवटायला, म्हणजे धार लावायला पण तालुक्याला जावं लागतं. पनवेलकडच्या एकाने १ लाख ३५ हजार सांगितलेत, वाहतूक वेगळी.

वडिलांचं म्हणणं एका वाक्यात: "मे महिन्यात दुपारी त्यात तासभर बसून दाखव, मग घे."

कोणी ठेवलाय का? उन्हाचं काय करता? खाली काँक्रीट लागतं का? परवानगी लागते का?

शेवभाजी · २६ एप्रिल

वडील जिंकले. धागा बंद करा.

तापीमाय · २६ एप्रिल

चार वर्षांपासून आहे माझ्याकडे. चोपडा तालुका, भारी काळी जमीन. एक चूक केली ती सांगतो.

हायड्रावाल्याने (क्रेनवाल्याने) विचारलं कुठं ठेवू, मी म्हटलं ठेव इथं. मे महिना होता, भुई दगडासारखी, सपाट पण दिसत होती. जुलैत दार लागेना. आधी वाटलं बिजागरी गंजली, ऑइल टाकलं, हातोडा मारला, सालदाराने लाथ मारली. मग पाणी भरून लेव्हलची नळी लावली तेव्हा कळलं की एक कोपरा चार बोटं खाली गेलाय. काळी माती आहे भाऊ, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तुमच्या डब्यासाठी ती थांबणार नाही. डबा चार कोपऱ्यांवर उभा असतो, एक कोपरा बसला की सगळी चौकट तिरपी होते आणि दाराला चौकट काटकोनात लागते, नाहीतर ते अडलंच.

दिवाळीनंतर परत हायड्रा बोलावला (म्हणजे परत पैसे), काळी माती दोन फूट काढून टाकली, मुरूम भरला, पाणी मारून मारून दाबला, आणि फक्त चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे. मधे काही नाही, खालून वारं खेळतं. मुंगूस पण खेळतं. त्यानंतर दार एकदाही अडलं नाही. पूर्ण स्लॅब वगैरेच्या नादाला लागू नका, पैसा फुकट.

उन्हाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मे महिन्यात आत थर्मामीटर ठेवला होता. ५४. वडिलांना नमस्कार सांगा.

कापूसकोंडा · २६ एप्रिल

आत कापूस ठेवता येईल का? भाव वाढेपर्यंत.

शेवभाजी · २६ एप्रिल

भाव वाढेपर्यंत डबा गंजून जाईल भो.

उरणचा जळगावकर · २७ एप्रिल

मी मूळचा जामनेरचा, वीस वर्षं न्हावा शेवा बंदराच्या बाजूला यार्डात काम करतोय, रोज हेच डबे बघतो. थोडं लांबेल.

२० फुटी म्हणजे बाहेरून २० बाय ८, उंची साडेआठ फूट. आतून रुंदी मात्र ७ फूट ८ इंचच भरते, लोक हे विसरतात. रिकामा डबा सव्वादोन टनांच्या आसपास. आत २८ टनांपर्यंत माल भरायचा हिशोब असतो म्हणून डब्याची जमीन मजबूत, चौकट मजबूत. भिंतीचा पत्रा मात्र दीड-दोन मिलिमीटरचाच असतो, त्याची ताकद त्या पन्हाळीमुळे.

बघायला जाल तेव्हा फोटोवर घेऊ नका, स्वतः जा. आत जा, दोस्ताला बाहेरून दार लावायला सांगा (दोस्त भरवशाचा हवा), पाच मिनिटं अंधारात उभे राहा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. मग दाराचं रबर बघा. मग खाली वाकून तळाच्या आडव्या पट्ट्या बघा, कारण रंग मारून वरचं सगळं नवं करता येतं, तळ कोणी रंगवत नाही. छतावर चढा, खड्डे पडलेत का बघा, खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथूनच सडतं.

दारावर एक धातूची पाटी असते, त्यावर बनवल्याचा महिना-वर्ष असतं. आत २८ मिलिमीटरचं प्लायवूड असतं, किडीपासून वाचावं म्हणून औषध मारलेलं, पाटीवर बहुतेक वेळा त्याचाही उल्लेख असतो. नाक लावून वास घ्या. उग्र वास असेल किंवा बाहेर जुन्या धोक्याच्या मालाच्या चौकोनी स्टिकरच्या खुणा असतील तर तो डबा धान्यासाठी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद. परदेशी डबे आपल्याकडे ड्यूटी न भरता येतात ते परत जायच्या अटीवर. जो डबा इथंच विकला जातो त्याची ड्यूटी भरलेली पाहिजे. पक्कं बिल, त्यावर डब्याचा नंबर (चार अक्षरं, सात आकडे), ड्यूटी भरल्याचा कागद. नुसत्या कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका, स्वस्त असला तरी.

घासाघीस करायची असेल तर भंगाराच्या भावाने सव्वादोन टनांचे किती होतात ते आधी काढून ठेवा. त्याच्या खाली कोणीच येणार नाही, त्याच्या किती वर जायचं ते तुमचं तोंड.

अण्णा धरणगावकर · २७ एप्रिल

माझा विरोध नोंदवून घ्या. बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली.

१ लाख ३५ हजार, वर पनवेलहून ट्रेलर, कसारा चढून साडेतीनशे किलोमीटरच्या वर, वर हायड्रा, वर मुरूम, वर ठोकळे, वर सावलीचं छप्पर. दोन लाखांच्या पुढे गेलात. तेवढ्यात गावातला गवंडी विटांची १० बाय १५ ची खोली, लोखंडी दार, वर पत्रे नीट हुक-बोल्टने आवळून देतो. गेल्या वर्षी पत्रे उडाले ते वादळाने नाही, खिळ्यांनी ठोकले होते म्हणून उडाले. खरं की नाही?

आपल्याकडे धाब्याची घरं काय उगाच बांधत होते? लाकडाच्या कड्यांवर मातीचा थर, मे महिन्यात आत पाठ टेकली की झोप. बाहेर ४५ असताना. आणि आपण आता समुद्रावरची लोखंडी पेटी आणून तापी खोऱ्यात तापवायला ठेवणार.

बोरीकाठ · २७ एप्रिल

अण्णा, खिळ्यांचं खरं आहे, नाव नाही घेत पण ते मीच ठोकले होते.

धाब्यावरून एक डोक्यात आलं, कंटेनरच्या छतावरच सहा इंच खारी माती टाकली तर? थंड पण राहील आणि वडील पण खूश.

अण्णा धरणगावकर · २७ एप्रिल

हिशोब करा. २० गुणिले ८, १६० चौरस फूट. अर्धा फूट थर म्हणजे ८० घनफूट. कोरडी माती धरली तरी साडेतीन टनांच्या आसपास झाली, पावसात भिजली की आणखी. ते छत २ मिलिमीटरच्या पत्र्याचं आहे, दोन माणसं चालतील एवढ्यासाठी केलेलं. एकावर एक डबे रचतात ते वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर जातं, छतावर नाही. मधे टाकलेली माती एक दिवस तुमच्या वेल्डिंग मशीनवर येऊन बसेल.

पऱ्हाटी · २७ एप्रिल

मग जमिनीत पुरला तर? भुयारासारखा. वरून मस्त थंड.

अण्णा धरणगावकर · २७ एप्रिल

अहो बाजूच्या भिंती पण पत्र्याच्याच. काळी माती फुगली की दोन्हीकडून दाबेल. पहिल्याच पावसाळ्यात पिचलेला डालड्याचा डबा. आणि वर पाणी भरेल ते वेगळं.

शेवभाजी · २७ एप्रिल

मग शेततळं म्हणून वापरा.

वेल्डर भो · २८ एप्रिल

माझं स्वतःचं वर्कशॉप ४० फुटी डब्यात आहे, एरंडोल रोडला. फक्त वर्कशॉपचं बोलतो, गोडाऊनचं मला माहीत नाही.

१) अर्थिंग. सगळा डबा लोखंडाचा आहे, एक वायर कुठं घासली तरी पूर्ण खोली करंट मारणार, आणि पावसाळ्यात तुमचे पाय ओले. डब्याला स्वतंत्र अर्थिंग करा, खड्डा नीट खोदून, आणि बोर्डावर ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवाच बसवा. यात काटकसर केली तर पुढचा धागा तुमच्या नावाने दुसरं कोणीतरी काढेल.

२) प्लायवूडवर वेल्डिंग करू नका. ठिणगी फटीत जाते, तुम्ही घरी जाता, रात्री धुमसतं. आणि ते औषध मारलेलं लाकूड जळाल्यावर जो धूर होतो तो छातीत बसतो. मी वर चेकर्ड प्लेट (नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) टाकली. खरं सांगू का, तरीपण मी वेल्डिंग बाहेर दारापुढेच करतो, छपराखाली, आत फक्त कापणं, ड्रिल, वाइस.

दोनच नंबर टाकले, तिसरा पण आहे पण तो नंबरात बसत नाही. खिडकी कापायची घाई करू नका. भिंत कापली की तेवढी ताकद गेली, आधी चौकोनी पाइपाची फ्रेम बनवायची, कापल्याबरोबर ती वेल्ड करून टाकायची. मी पहिल्या वेळेस आधी मोठं भोक पाडलं आणि मग फ्रेम मोजायला गेलो, तर फ्रेम चौकोनी आणि भोक पतंगासारखं.

बाकी ७ फूट ८ इंच रुंदीत टेबल टाकलं की मागे माणूस आडवाच चालतो. ट्रॅक्टरचं काही आत येणार नाही, विसरा.

सातपुड्याचा वारा · २८ एप्रिल

आमना वावरमा बी शे डबा, शिरपूरकडे. उन्हाळामा मजार (आत) भाकर शेकाई जास, चुलानी गरज नही. पन चोरनी आजपावत हात नही लावा. दोन बी खरं शे.

बोरीकाठ · २८ एप्रिल

भाऊ, हे वडिलांना वाचून दाखवलं. पहिलं वाक्य त्यांना फार आवडलं, दुसरं ऐकलंच नाही म्हणाले.

मिरची पथारी · २८ एप्रिल

नंदुरबारहून. आमचा मिरचीचा धंदा आहे, वाळवून पोती भरून ठेवतो. एका हंगामात ओळखीच्याने दिलेला डबा वापरला आणि तोंड पोळलं, मिरचीने नाही.

झालं असं की डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन कडक आणि रात्री थंडी. मिरची हाताला कोरडी वाटत होती पण पोटात थोडी ओल असतेच. दिवसा आत तापलं की ती ओल वाफ होऊन वर जाते, रात्री छताचा पत्रा गार पडतो, तिथं दव धरतं आणि पहाटे टपटप खाली पोत्यांवर. छत कुठंही फुटलेलं नाही, आभाळात ढग नाही, आणि आत पाऊस. वरच्या थरातल्या सगळ्या पोत्यांना बुरशी. जहाजवाले याला कंटेनरचा पाऊसच म्हणतात असं नंतर कळलं. डब्याला मूळची जी बारीक भोकं असतात वरच्या कोपऱ्यात ती फक्त नावाला, त्याने काही होत नाही.

त्यामुळे शेतमाल ठेवायचा असेल तर दोन्ही टोकांना जाळीचे झरोके, एक खाली एक वर, आणि जमत असेल तर छतावर वाऱ्याने फिरून आतली गरम हवा ओढणारी फिरकी. पोती भिंतीला चिकटवायची नाहीत. कांदा तर अजिबात नाही, त्याला चाळच पाहिजे.

कापूसकोंडा · २८ एप्रिल

म्हणजे कापूस नाही ठेवायचा का?

तापीमाय · २८ एप्रिल

कापूसकोंडा भाऊ, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. कापूस घरात ठेवला की खाज सुटते, पोरं बाहेर झोपतात, सगळं खरं, म्हणून आपल्याला वाटतं डबा बरा. पण खरेदी केंद्रावर ८ ते १२ टक्के ओल बघतात, आणि डब्यात ओल बाहेर पडायला जागाच नाही, वरच्या थराला पिवळेपणा येतो. त्यात एखादी ठिणगी. आणि धागाकर्ते त्याच डब्यात वेल्डिंग करणार म्हणताहेत!! कापूस आणि वेल्डिंग एका छपराखाली नको, एवढं तरी आपल्याला कापूस पिकवणाऱ्यांना कळायला पाहिजे.

कापूसकोंडा · २८ एप्रिल

मी असं म्हणालोच नव्हतो की वेल्डिंग करा, मी म्हणालो कापूस ठेवता येईल का.

शेवभाजी · २८ एप्रिल

झाली सुरू गोष्ट.

फैजपूरकर ताई · २९ एप्रिल

खतांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या बचत गटाने खताच्या गोण्या डब्यात ठेवल्या होत्या. युरिया हवेतलं पाणी ओढतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण खालच्या कडेला जिथं गोणी फुटून सांडलं तिथं दोन पावसाळ्यांत पत्रा पोखरला. हे लोखंड साध्यापेक्षा चिवट असतं, वरचा गंजच पुढच्या गंजाला अडवतो म्हणतात, पण खताच्या खारापुढे ते पण हात टेकतं. ठेवायचंच असेल तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि सांडलं की त्याच दिवशी झाडून काढा.

आणि फवारणीची औषधं बंद डब्यात ठेवून दुपारी दार उघडून एकदम आत शिरू नका. आमच्यातली एक जण चक्कर येऊन पडली होती. आधी दार उघडायचं, दहा मिनिटं बाहेर गप्पा मारायच्या, मग आत.

पऱ्हाटी · २९ एप्रिल

ताई दहा मिनिटं गप्पा म्हणजे बायकांचं काम सोपं आहे.

फैजपूरकर ताई · २९ एप्रिल

पारावर चार चार तास कोण बसतं ते सांगू का?

सावदा लोडिंग · ३० एप्रिल

सगळे साध्या डब्याचं बोलताहेत. आमच्याकडे रावेर-सावद्याला केळी आखातात जाते ती रीफर, म्हणजे गारव्याच्या मशीनच्या डब्यात, आत साधारण १३ अंश धरतात, त्याखाली गेलं की केळीची साल काळी पडते. तर असे रीफर डबे पण जुने झाले की विकायला येतात, मशीन बिघडलेलं असतं म्हणून. मशीन नसलं तरी डबा कामाचा आहे, कारण भिंतीत फोम भरलेला असतो आणि आत स्टीलचा पत्रा. उन्हाचा प्रश्न निम्मा तिथंच सुटतो. बियाणं, औषधं, आणि माणूस सुद्धा त्यात टिकेल.

तोटे पण सांगतो. फोममुळे आतली जागा आणखी कमी. डब्याची जमीन सपाट नसते, ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांची असते, हवा खालून फिरावी म्हणून, त्यावर खुर्ची पण डगमगते, वर फळी टाकावी लागते. भिंत कापली आणि आतून वेल्डिंग केलं तर फोम पेटतो आणि तो धूर फार वाईट, म्हणून वर्कशॉपसाठी अजिबात नको. आणि मशीन चालू असलेला घेतला तर त्याला थ्री फेज सतत लागते. आपल्या शेतात थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, तीही आठ तास.

अण्णा धरणगावकर · ३० एप्रिल

हे पटलं. म्हणजे विटांच्या खोलीएवढं नाही, पण पटलं.

सातबारा · ३० एप्रिल

परवानगीचा प्रश्न तसाच राहिला. "पाया नाही म्हणजे बांधकाम नाही, उचलून नेता येतं" असं यार्डवाले सांगतात, ते त्यांचं विकायचं काम. जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या आहे, कलम २(९). त्यात अवजारं, खत, शेतमाल ठेवायची जागा येते. स्वतःच्या शेतीसाठी असं बांधायचं ते कलम ४१ मध्ये. म्हणजे नळ्या-पंप-वखर ठेवणं यात कोणाला अडचण नाही. पण गावातल्या दहा जणांची वखरं दुरुस्त करून पैसे घ्यायला लागलात की तो धंदा झाला, मग तो अकृषिक वापर. ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला आधी तोंडी विचारून ठेवा. उभा केल्यावर विचारलं की उत्तर बदलतं.

वीज तर त्याहून नाजूक. कृषिपंपाच्या मीटरवर वेल्डिंग मशीन चालवलं तर तो ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून वापर, वीज कायदा २००३ चं कलम १२६. दंडाचं बिल बघितलं की कंटेनर स्वस्त वाटतो.

वेल्डर भो · ३० एप्रिल

शेतात सगळेच चालवतात.

सातबारा · ३० एप्रिल

बिल पण त्या सगळ्यांनाच येतं.

भरीत पार्टी · १ मे

एवढं वाचून एकच विचारायचंय. डब्यापुढे पऱ्हाटीवर (कापसाच्या काड्यांवर) वांगी भाजली तर धूर आत जातो का?

तापीमाय · १ मे

जातो. नळ्यांना आखाजीपर्यंत भरताचा वास येतो. तक्रार नाही.

उन्हाचं मी मधेच सोडलं होतं ते पुरं करतो. चुना मारून बघितला, पहिल्या पावसात गेला. ओला गोणपाट टाकला, पाणी कोण मारणार. शेवटी डब्याच्या चार कोपऱ्यांच्या वरच्या भोकांना अँगल बोल्ट करून दीड-दोन फूट उंच मांडव केला आणि जुने पत्रे टाकले, दोन्ही बाजूंना चार चार फूट बाहेर. मधून वारं जातं, ऊन डब्याला लागतच नाही. आता आत बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशच जास्त. बाहेरच ४४ असेल तर त्याला डबा काय करणार.

अजून एक, डबा लांबीने पूर्व-पश्चिम ठेवा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंना लागतं. माझा उलटा ठेवलाय, कारण हायड्रावाल्याला तसा सोपा गेला.

उरणचा जळगावकर · १ मे

वाचून मजा वाटते. हा डबा ज्याने आणला त्या अमेरिकन ट्रकवाल्याला, माल्कम मॅक्लीनला, १९५६ साली एवढंच पाहिजे होतं की बंदरावर माल चढवा-उतरवायचा वेळ वाचावा. पहिल्या फेरीला ५८ डबे नेले जहाजावर. आणि आपण इथं त्याच्यावर मांडव घालून पुढे भरीत करतोय.

बोरीकाठ · १४ जून

मंडळी, उशीर झाला. घेतला.

यार्डात स्वतः गेलो, आत उभा राहिलो, दार मेव्हण्याने लावलं आणि फोनवर बोलत बसला, पंधरा मिनिटांनी उघडलं. तीन डबे नाकारले, चौथा घेतला. १ लाख २२ हजार, पक्कं बिल, ड्यूटीचा कागद. रीफरचा पण भाव काढला पण वर्कशॉप डोक्यातून जाईना.

ट्रेलर हायवे सोडून गावरस्त्याला लागला तिथून खरी गंमत. याबद्दल कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून लिहितो. नाल्यावरच्या मोरीपाशी वळण एवढं आखूड की ट्रेलर पुढे जाईना मागे येईना. पुढे विजेच्या तारा खाली लोंबलेल्या, साडेआठ फुटांचा डबा ट्रेलरच्या उंचीवर ठेवला की किती होतं याचा हिशोब कोणी केला नव्हता. लाइनमनला फोन, तो जेवायला गेलेला. दोन तास अख्खं गाव रस्त्यावर, एकाने चहाची किटली आणली, एकाने सल्ले. शेवटी सप्लाय बंद करून तारा बांबूने वर धरल्या. घेणाऱ्याने आधी रस्ता चालत बघावा, वर मान करून.

मुरूम भरला, चार ठोकळे, पूर्व-पश्चिम. पहिला पाऊस परवा झाला. दार लागतंय. अजून.

अण्णा धरणगावकर · १४ जून

एकूण खर्च किती झाला तेवढं लिहा.

बोरीकाठ · १४ जून

अण्णा, ते सोडून काहीही विचारा.

फैजपूरकर ताई · १५ जून

वडील काय म्हणाले?

बोरीकाठ · १५ जून

काही नाही. रोज सकाळी एकदा दार उघडून लावून बघतात. अडायची वाट बघताहेत असं मला वाटतं.

तापीमाय · ९ सप्टेंबर

बोरीकाठ, पावसाळा संपत आला, काय परिस्थिती? मांडव झाला का?

बोरीकाठ · ११ सप्टेंबर

दार ठीक. ऑगस्टच्या झडीत एक कोपरा अंगुळभर दबला होता, जॅक लावून खाली लोखंडी पट्टी सरकवली. झरोके पाडले, आधी फ्रेम बनवून. वीज अजून नाही, वेगळ्या मीटरचा अर्ज दिलाय, तोपर्यंत हातकरवत आणि वाइस. नळ्यांना एक दात लागला नाही. लोक येतात, नुसतं बघून जातात, दोघांनी यार्डाचा नंबर नेला.

वडिलांनी बाज डब्याच्या उत्तरेच्या सावलीत टाकलीय, दुपारी तिथंच असतात. आत अजून एकदाही बसलेले नाहीत.

मांडवाचे अँगल उभे झाले, पत्रे पण झाले, एकच कमी पडतोय. तो लिंबात अडकलेला शेजाऱ्याकडे मागायला गेलो. म्हणाला तुझाच आहे, चढ आणि ने.

सातपुड्याचा वारा · ११ सप्टेंबर

मंग चढना का?

बोरीकाठ · ११ सप्टेंबर

झाडाखाली गेलो, वर बघितलं. पत्र्याच्या खालच्या अंगाला आग्या मोहोळ लागलंय, परातीएवढं.

नवा पत्रा कुठल्या गेजचा घेऊ?